इंदुरात दुसरी गाडी न घेता घर कसं चालवायचं

इंदूरच्या मराठी घरांमधे हल्ली हा विषय निघतोच. एक गाडी दारात आहे, आता सुनेचं ऑफिस सुपर कॉरिडॉरला आणि मुलाचं पलासियाला, मग दुसरी घ्यायची का? किंवा आई-बाबा सुदामा नगरला दोघंच राहतात, चालवणारं कोणी नाही, तरी वेळेला असावी म्हणून गाडी ठेवलेली आणि महिन्यातून दोनदा बॅटरी उतरू नये म्हणून कोणीतरी येऊन सुरू करून जातं. मी इतकंच सांगेन की गाडीची जागा घेणारा एकच पर्याय शोधत बसू नका, तसा नाहीये. बस, ठरलेला ऑटोवाला, ॲपवरची टॅक्सी, शेजाऱ्याबरोबर वाटून घेतलेली गाडी, हे सगळं मिळून ती जागा घेतात, पण कुठल्या कामाला काय हे आधी ठरलेलं पाहिजे. ऐन घाईत फोन उघडून शोधायला लागलात तर चिडचिड होणार आणि महिन्याभरात तुम्ही शोरूममधे उभे असणार.

आधी फेऱ्या लिहा

फ्रिजवर एक कागद लावा आणि महिनाभर घरातली प्रत्येक फेरी लिहा. कोण गेलं, कुठे, किती वाजता, बरोबर कोण होतं, सामान होतं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही वेळ अर्धा तास इकडेतिकडे चालली असती का. हा शेवटचा रकाना बहुतेक लोक गाळतात पण सगळा खेळ त्यातच आहे, कारण ज्या फेरीची वेळ हलू शकते तिला बस चालते आणि जिची हलत नाही तिला चालत नाही.

महिना संपला की कागदावर साधारण चार ढीग दिसतात. रोजच्या त्याच वेळेच्या फेऱ्या, म्हणजे ऑफिस, क्लास. आठवड्याच्या ठरलेल्या, म्हणजे फिजिओथेरपी, भाजी, बँक, गाण्याचा क्लास. अधूनमधून लांबच्या, उज्जैन, ओंकारेश्वर, लग्नकार्य, पुण्याची ट्रिप. आणि अचानकच्या. प्रत्येक ढिगाचं वाहन वेगळं असतं, चौघांना एकाच गाडीनं सोडवायला गेलं की ती गाडी बराच वेळ नुसती उभी राहते आणि पैसे मात्र पूर्ण खाते.

पैशाचं गणित एकदा कागदावर करा, तोंडी नको

लोक पेट्रोलचा हिशोब करतात आणि म्हणतात की किलोमीटरला सात रुपये पडतात, ॲपवाले तर कितीतरी जास्त घेतात, मग गाडीच स्वस्त. पण गाडीचा मोठा खर्च पेट्रोल नाहीच. समजा ८ लाखांची गाडी घेतली. विमा कंपन्या गाडीची किंमत कशी उतरवतात त्याचा ठरलेला तक्ता आहे, पहिल्या ६ महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षात ५० टक्के. म्हणजे पाच वर्षांत ८ चे ४ लाख राहिले. चार लाख भागिले साठ महिने, झाले महिन्याला साधारण ६,६६७ रुपये, गाडी जागची हलली नाही तरी. त्यात ६ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं असेल तर हप्ता १२,४५५ च्या आसपास बसतो आणि पाच वर्षांत व्याजच जवळजवळ १ लाख ४७ हजार जातं, म्हणजे महिन्याला आणखी अडीच हजाराच्या आतबाहेर. किंमत उतरणं आणि व्याज मिळून नऊ हजार झाले, आणि यात अजून पेट्रोल नाही, विमा नाही, सर्व्हिसिंग नाही, टायर नाहीत, सोसायटीतल्या पार्किंगची भांडणं तर नाहीतच.

आता तुमच्या फ्रिजवरचा कागद घ्या आणि दुसऱ्या गाडीनं झाल्या असत्या त्या फेऱ्यांसमोर ऑटोचे, टॅक्सीचे, बसचे पैसे लिहा. बेरीज नऊ हजारांच्या खूप खाली आली तर उत्तर मिळालं. वर गेली तर गाडी घ्या, त्यात वाईट काही नाही, निदान हिशोब करून घेतली असेल.

रोजचा ढीग: ऑफिस

इथे सगळ्यात जास्त फायदा आहे तो एका गाडीत तिघा-चौघांनी जाण्याचा, म्हणजे कारपूलचा. राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर या पट्ट्यातून सुपर कॉरिडॉरच्या टीसीएस-इन्फोसिसला जाणारी कितीतरी मुलं-मुली आहेत आणि सकाळी फूटी कोठीवर उभं राहिलं तर गाडी गाडीत एकेक माणूस बसलेला दिसतो. पण कारपूल चालतो का बंद पडतो हे मैत्रीवर नाही, नियमांवर ठरतं, आणि नियम पहिल्या दिवशी बोलायचे, तिसऱ्या आठवड्यात भांडण झाल्यावर नाही.

सगळ्यात आधी थांबण्याची वेळ. ठरलेल्या जागी तीन मिनिटं थांबायचं, मग गाडी निघणार, आणि जो राहिला त्यानं वाईट वाटून घ्यायचं नाही, त्यानं आपली सोय आपण करायची. दारासमोर कोणाला घ्यायला जायचं नाही, सगळ्यांनी मेन रोडच्या एकाच कोपऱ्यावर यायचं, नाहीतर प्रत्येक गल्लीत पाच-पाच मिनिटं जातात आणि चौथ्या माणसाला पोचेपर्यंत पहिला वैतागलेला असतो. उद्या येणार नसाल तर रात्री नऊच्या आत ग्रुपवर टाकायचं. परतीचं बंधन ठेवू नका, सकाळी एकत्र आणि संध्याकाळी ज्याचं त्यानं असं ठेवलं तरच कारपूल टिकतो, कारण ऑफिसमधून सुटण्याची वेळ कोणाच्याच हातात नसते.

पैशाचं म्हणाल तर सगळ्यांकडे गाड्या असतील तर आठवड्याआड गाडी बदला, म्हणजे हातात पैसे द्यायचे-घ्यायचेच नाहीत, हे सगळ्यात स्वच्छ. एकाचीच गाडी असेल तर खर्च त्याच्यासकट सगळ्यांत वाटा पण खर्चाच्या वर एक रुपया घेऊ नका. याला कारण आहे. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की भाडं घेऊन वाहतूक केली तर ती पॉलिसीत बसत नाही. आपली पॉलिसी काढून वापराच्या मर्यादा लिहिलेला भाग एकदा वाचाच. केंद्र सरकारनं २०२० मधे ॲप-टॅक्सीसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात खासगी गाडीतल्या पूलिंगचा विचार होता, दिवसाला शहरात ४ फेऱ्या आणि आठवड्याला शहराबाहेरच्या २ अशी मर्यादा घातली होती, पण ते ॲपमार्फत आणि राज्यानं मान्य केलं तर. ओळखीतल्या चौघांनी पेट्रोल वाटून घेणं वेगळं आणि पांढऱ्या नंबर प्लेटवर सवाऱ्या भरणं वेगळं, ही रेघ ओलांडू नका.

बसचं सांगते. इंदूरची सिटी बस ही अटल इंदूर सिटी ट्रान्सपोर्टची, कंपनी २००५ ची आणि बस धावायला लागल्या २००६ मधे, त्या काळी बाहेरच्या शहरांतले लोक बघायला येत असत. आयबस २०१३ मधे एबी रोडवर आली, राजीव गांधी चौराह्यापासून निरंजनपूरपर्यंत साडेअकरा किलोमीटर स्वतःची वेगळी लेन घेऊन, आणि ज्यांचं घर-ऑफिस त्या रेषेवर होतं त्यांनी खरोखर गाड्या घरी ठेवल्या. २०२५ मधे हायकोर्टानं तो कॉरिडॉर काढायला सांगितल्यावर आता बसला बाकीच्या ट्रॅफिकमधूनच जायचंय, त्यामुळे भंवरकुआँ ते विजय नगर अमुक मिनिटांत हा जुना अंदाज धरून बसू नका, स्वतः आठवडाभर त्याच वेळेला जाऊन बघा आणि मग ठरवा. मला त्या लेनचं मनापासून वाईट वाटतं, रोज त्याच वेळेला पोचवणारं वाहन शहराला मिळणं ही फार मोठी गोष्ट होती.

मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली, सुरुवातीचा तुकडा गांधी नगरपासून सुपर कॉरिडॉरवर पाच स्टेशनांचा, सहा किलोमीटरच्या आसपास. तुमचं रोजचं जाणंयेणं त्या रेषेवर बसत असेल तर जरूर वापरा, पण पुढे आपल्या बाजूला येईल म्हणून आजचा निर्णय तिच्यावर टाकू नका. राजेंद्र नगर, राऊ, महू या बाजूच्यांनी रेल्वेचं टाइमटेबल एकदा बघावं, लोकमान्य नगर आणि राजेंद्र नगरला स्टेशन आहे हे तिथेच राहणाऱ्यांच्याही लक्षात नसतं. गाड्या थोड्या आहेत, वेळ जुळली तर मात्र इंदूर स्टेशनपर्यंत एकही सिग्नल लागत नाही.

आठवड्याचा ढीग: एक ऑटोवाला ठरवा

सगळ्यांनी हेच आधी करावं असं मला वाटतं, विशेषतः घरात म्हातारं माणूस असेल तर. ॲप चांगलंच आहे पण आजीला पिन, ओटीपी, ड्रायव्हरचा फोन, तो कुठे उभा आहे, हे सगळं नको असतं. तिला तोच माणूस, त्याच वेळेला, दाराशी हवा असतो.

असा माणूस सापडतो कुठे? शाळेची मुलं नेणारे ऑटोवाले बघा. सकाळी मुलांना सोडलं की दुपारी शाळा सुटेपर्यंत ते मोकळे असतात आणि नेमकी हीच वेळ डॉक्टर, फिजिओ, बँक, मंदिराची. शिवाय लहान मुलं नेणारा माणूस आहे म्हणजे गल्लीतल्या दहा घरांना तो माहिती असतो, त्याच्या चालवण्याबद्दल विचारायला वेगळं कुठे जावं लागत नाही. बोलताना गोलगोल बोलू नका. "भैया, मंगल और शुक्र, दस बजे, जाना-आना, बीच में आधा घंटा रुकना, महीने का क्या लोगे?" असं एका दमात विचारा, म्हणजे तोही नीट हिशोब करून सांगतो. थांबण्याचे पैसे त्यातच धरलेत का हे तिथल्या तिथे ठरवा, आणि अर्ध्या तासाच्या वर गेलं तर किती तेही. तो आजारी पडला किंवा गावी गेला तर कोण येणार, त्या दुसऱ्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा. ऑटोच्या नंबरचा आणि लायसन्सचा फोटो घ्या, चांगला माणूस याला नाही म्हणत नाही. पैसे महिन्याच्या महिन्याला, ठरलेल्या तारखेला, न मागता द्या. दिवाळीला मिठाई द्यालच, पण वेळेवर पैसे हे जास्त कामाचं, त्यावर त्याची मुलांची फी अवलंबून असते.

बसवून बघा हेही सांगते. गुडघे दुखणाऱ्यांना कारची सीट खाली पडते, उठताना त्रास होतो, ऑटोत उलट पाय ठेवून सरळ बसता येतं. ई-रिक्षाची पायरी खाली असते पण खड्ड्यात ती हेलकावे खाते आणि धरायला नीट दांडा नसेल तर म्हाताऱ्या माणसाला भीती वाटते. एकदा जवळच्या जवळ फेरी मारून आजीलाच विचारा. आमच्या आत्यानं दोन ऑटो नाकारून तिसरा पसंत केला, कारण तो उतरताना हात पुढे करतो पण स्वतः धरून ओढत नाही, आत्यानं धरायची वाट बघतो. आता तिला दवाखान्यासाठी मुलाच्या सुट्टीची वाट बघावी लागत नाही आणि हे तिला किती आवडलंय हे तिच्या चालण्यातही दिसतं. त्याचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा, मोबाईलमधे सेव्ह आहे म्हणून सोडून देऊ नका.

सानंद या आपल्या मराठी संस्थेच्या नाटकाला खंडवा रोडवरच्या ऑडिटोरियमला जाताना तर एकेका घराची गाडी नेण्यात काही अर्थच नाही. एकाच कॉलनीतले आठ-दहा जण त्याच दिवशी, त्याच वेळेला, त्याच जागी जातात आणि परत येतात. दोन गाड्यांत बसा, पुढच्या वेळी दुसऱ्या दोन गाड्या. ज्यांना रात्री गाडी चालवायचा त्रास होतो म्हणून कार्यक्रम सुटतात अशा आजी-आजोबांना या गाडीत आधी जागा द्या.

ॲप वापरायचं तर असं

ओला, ऊबर, रॅपिडो तिन्ही फोनमधे ठेवा आणि निघायच्या वीस मिनिटं आधी भाव बघा, निघताना नाही. पाऊस सुरू झाला, ऑफिसं सुटली की भाव चढतो. केंद्राच्या जुलै २०२५ च्या नव्या सूचनांप्रमाणे चढा भाव मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंतच जाऊ शकतो आणि कारण नसताना फेरी रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०० रुपये दंड, तो ड्रायव्हरला तसा तुम्हालाही. हे राज्यांनी आपापल्या नियमांत आणायचं असतं, म्हणून भांडायला नको, पण माहिती असावी.

ॲपच्या नकाशावर पिन बरोबर जागी ठेवणं हे अर्धं काम आहे. सराफ्यातून किंवा राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांतून गाडी बोलावू नका, ती आत येणारच नाही, आणि फोनवर कुठे आहात-कुठे आहात करत दहा मिनिटं जातात. चालत मोठ्या रस्त्यावर या, एखादी ठळक खूण बघा, तिथे पिन ठेवा आणि मग बुक करा. स्टेशनला तर कुठल्या बाजूला उभे आहात ते आधी बघा, चुकीच्या बाजूची गाडी मिळाली की सामान घेऊन पूल चढावा लागतो. बसण्याआधी नंबर प्लेट जुळवा, नुसता गाडीचा रंग बघून बसू नका. एकट्या मुलीनं ट्रिप घरच्यांना शेअर करावी आणि काही वाटलं तर ११२ लावावा, संकोच करू नये. बाईक टॅक्सीवर मागच्यालाही हेल्मेट हवं असा कायदा आहे, त्याच्याकडे दुसरं हेल्मेट नसेल तर दुसरी बाईक बोलवा. पैसे जास्त कापले आणि ॲपवर कोणी ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पहाटेच्या गाडीसाठी मात्र ॲपवर विसंबू नका. रात्री बुक केलेली टॅक्सी पहाटे चारला येईलच असं नसतं. तिथे तुमचा तो ठरलेला ऑटोवाला किंवा ओळखीचा टॅक्सीवाला, आदल्या दिवशी सांगून, झोपण्याआधी एकदा आठवण करून.

लांबचं

उज्जैन रस्त्यानं ५५ किलोमीटरच्या आसपास, बस आणि रेल्वे दोन्ही आहेत, दोघं असाल तर गाडी कशाला. सिंहस्थ किंवा श्रावणातल्या सोमवारी तर नकोच. भोपाळला चार्टर बस चांगल्या चालतात. ओंकारेश्वर, महेश्वर, मांडूला मात्र चार-पाच जण असाल तर ड्रायव्हरसकट टॅक्सी घ्या. किलोमीटरचा दर, दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार, टोल-पार्किंग कोणाकडे, रात्री थांबलं तर ड्रायव्हरचा भत्ता, या चार गोष्टी व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, फोनवरचं बोलणं परतीच्या वेळी कोणाला आठवत नाही.

स्वतः चालवायला गाडी भाड्यानं घेणार असाल तर आधी नंबर प्लेट बघा. अशा गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. ड्रायव्हरवाल्या टॅक्सीची पिवळी प्लेट, काळी अक्षरं. पांढऱ्या प्लेटची गाडी कोणी भाड्यानं देत असेल तर घेऊ नका, स्वस्त पडली तरी, काही झालं तर विमा अडकेल. ताब्यात घेताना दिवसाच्या उजेडात सगळीकडून फिरून व्हिडिओ काढा, बंपरचा खालचा भाग, चारही रिम, काच, आतली सीट, डिकीत स्टेपनी आणि जॅक आहे का, आणि शेवटी किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा एकाच फ्रेममधे. देतानाही अगदी असाच व्हिडिओ. फास्टॅगमधे पैसे कोणाचे जाणार विचारा. डिपॉझिट किती दिवसांत परत ते लेखी.

अचानकचं

माणसं गाडी घेतात ती खरं तर या ढिगाच्या भीतीनं. रात्री दोनला बाबांच्या छातीत दुखलं तर? त्या वेळी गाडी हे उत्तर नाहीच. १०८ लावा, ॲम्ब्युलन्समधे ऑक्सिजन असतो, तुमच्या गाडीत नसतो, आणि घाबरलेल्या मुलानं रात्री गाडी पळवण्यात आणखी एक धोका. त्याबरोबर कॉलनीतल्या दोन घरांशी आधीच बोलून ठेवा, रात्री कधीही फोन केला तर चालेल ना. लोक मनापासून हो म्हणतात, फक्त आधी विचारावं लागतं. जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीचा नंबर त्याच फोनजवळच्या कागदावर.

आणि रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, अनंत चतुर्दशीच्या झांक्या म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, या दिवशी राजवाड्याकडच्या भागात स्वतःची गाडी असून नसून सारखीच. त्या दिवसांत दवाखान्याची वगैरे वेळ घेऊच नका.

कोणी हे करू नये

बायपासच्या पलीकडे नवीन टाउनशिपमधे राहता, जिथे संध्याकाळनंतर ऑटो यायला तयार नाही, तर गाडी ठेवा. घरात डायलिसिसचं माणूस आहे, व्हीलचेअर आहे, किंवा तुम्ही रात्रपाळीचे डॉक्टर-नर्स आहात, तर गाडी ही गरज आहे आणि कोणी काही म्हटलं तर ऐकू नका. मी सांगतेय ते त्या घरांना जिथे दुसरी गाडी रोज सकाळी कापड मारून पुसली जाते आणि तिथेच उभी राहते.

गाडी विकायचं ठरलं तर

आधी दोन महिने चावी कपाटात ठेवून सगळं करून बघा, त्यातला एक महिना पावसाळ्यातला असू द्या. जमलं तर विका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून आरटीओत मालकी बदलल्याशिवाय गाडी डोळ्याआड होऊ देऊ नका, विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं असतं, नाहीतर पुढे त्या गाडीचं चालान आणि अपघाताची नोटीस तुमच्याच नावानं येते. घेणाऱ्यानं करून घेईन म्हटलं तरी स्वतः ऑनलाइन तपासा की नाव बदललं का. कर्ज होतं का, मग बँकेचं नाव आरसीवरून काढून घ्या. फास्टॅग बंद करून उरलेले पैसे परत मागा. आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं सर्टिफिकेट नक्की घ्या, ते तीन वर्षं चालतं, पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत सवलत असते आणि पुढे कधी गाडी घ्यावीच लागली तर ती तुम्हाला नव्या पॉलिसीत वापरता येते.